सेहेचाळीस धुतलेले डबे

मास्तर चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आजारी माणसावर रागावू नये, असं सगळे सांगतात. सांगणाऱ्यांच्या घरात बहुधा असला आजारी नसतो.

सिस्टर म्हणजे मास्तरांची बायको. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत, दुकानात, अगदी नातेवाइकांतही त्यांना सिस्टरच म्हणत. चौतीस वर्षं त्या ऑपरेशन थिएटरात होत्या. चिडके सर्जन, भिरकावलेल्या कात्र्या, उभ्याउभ्या गेलेले दिवस, सगळं त्यांनी तोंडातून ब्र न काढता सोसलं होतं. पण ते नोकरीतलं सोसणं होतं. त्याला निदान सुट्टी असायची.

मास्तरांच्या पोटाचं ऑपरेशन छान झालं होतं. टाके कोरडे होते, ताप नव्हता. घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा बजावली होती: चालायचं. पडून राहिलात तर पायात गुठळी होईल, ती फुप्फुसात जाईल, आणि मग मला बोलावून उपयोग नाही. सिस्टरांना हे सांगायची गरजच नव्हती. उत्तम ऑपरेशन झालेली आणि नंतर केवळ अंथरुणाला चिकटून राहिली म्हणून गेलेली तीन माणसं त्यांना अजून चेहऱ्यानिशी आठवत. मास्तरांनी डॉक्टरांपुढे शहाण्यासारखी मान डोलावली, घरी आले, मागच्या खोलीत गेले, बाहेर आले आणि आडवे झाले ते झालेच. जेवण तीन घास. सिस्टरांशी बोलणं नाही. चालणं तर नाहीच.

का, तर सिस्टरांनी डबे धुतले म्हणून.

मागच्या खोलीत मास्तरांची रेल्वे होती. मास्तरांनी आयुष्यात ना शाळेत शिकवलं, ना स्टेशन सांभाळलं. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ते जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढत. पण एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी त्या खोलीत पहिला हातभर रूळ टाकला, आणि दोस्तांनी त्यांना स्टेशनमास्तर करून टाकलं. आता तीन भिंतींना लागून छातीइतक्या उंचीवर फळ्या होत्या, फळ्यांवर बोटभर रुंदीचे रूळ, दोन गावं, एक बंदर, एक कोळशाची खाण, प्लास्टरचा डोंगर आणि त्यातून आरपार बोगदा. दर शनिवारी चार वाजता मंडळी जमत आणि सात वाजेपर्यंत गाड्या चालवत. खेळ म्हणून नव्हे, वेळापत्रकाप्रमाणे. खाणीतून भरलेले डबे बंदरावर जायचे, रिकामे परत यायचे, मध्येच पॅसेंजरला वाट द्यायला मालगाडी बाजूच्या रुळावर घ्यायची. पोस्टमन कुठला डबा कुठे जायचा त्याच्या चिठ्ठ्या लिहायचा, गणिताच्या बाई सिग्नल सांभाळायच्या. एखादी गाडी दोन मिनिटं लेट झाली की चार मोठी माणसं अशी खिन्न व्हायची की पाहणाऱ्याने कपाळाला हात लावावा.

‘झाली का हो तुमची रेल्वे पूर्ण?’ असं कुणी पाहुण्याने विचारलं की मास्तर चिडत. रेल्वे कधी पूर्ण होते? एक पूल झाला की त्याच्याखालची नदी व्हायची असते. नदी झाली की कुणीतरी म्हणतं, इथे एक नाव हवी. नाव झाली की नावाडी. एकतीस वर्षं असंच चाललं होतं, आणि हातातलं काम संपत आलं की पुढचं सुचल्याशिवाय मास्तरांना झोप लागत नसे.

सिस्टरांना त्या खोलीत मज्जाव होता. तसं कुणी कधी तोंडाने म्हटलं नव्हतं, पण चहाचा ट्रे दाराबाहेरच्या टेबलावर ठेवायचा आणि झाडू-फडकं आत न्यायचं नाही, हा कायदा होता. एकतीस वर्षं सिस्टरांनी तो पाळला. दाराच्या फटीतून त्यांना एकच गोष्ट दिसायची: घाण. काळवंडलेले, गंजलेले, डागाळलेले डबे. ज्या बाईने चौतीस वर्षांत एक चिमटा अस्वच्छ जाऊ दिला नाही, तिच्या घरात ही खोली!

मास्तर नऊ दिवस हॉस्पिटलात होते. भेटायला सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास. मधला दिवस सिस्टरांना खायला उठायचा. हातांना काम नसलं की त्यांच्या डोक्यात नको ते चालू होई. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडलं.

आणि मग त्यांनी जे केलं ते अगदी थिएटरच्या शिस्तीने केलं. आधी कागदावर नकाशा काढला, कुठल्या रुळावर कुठल्या नंबरचा डबा उभा आहे त्याचा. चार ट्रे मांडले. एकेक डबा चिमटीत धरून उचलला, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवला, मऊ ब्रशने घासला, दोनदा साध्या पाण्यातून काढला, टॉवेलवर उलटा वाळवला. हट्टी डागांना स्पिरिट. इंजिनांना हात लावला नाही, त्यांत वीज असते एवढं त्यांना कळत होतं. स्टेशनच्या छपरावरचं शेवाळ खरवडलं. यार्डात सांडलेला कोळशाचा चुरा चिमट्याने वेचला. पाच दुपारी गेल्या. सेहेचाळीस डबे निघाले तांबडे, निळे, पिवळे, दुकानाच्या काचेत ठेवावेत तसे. मग नकाशा बघून प्रत्येक डबा जिथल्या तिथे. शेवटचा ठेवला तेव्हा सिस्टर एकट्याच हसल्या. माणूस घरी येईल, बघेल आणि म्हणेल, वा! नवऱ्याकडून एक ‘वा’ मिळावा म्हणून एवढी मेहनत करणारी बाई त्यांनी दुसऱ्या कुणाच्या घरात पाहिली असती तर तिला वेडी म्हटलं असतं.

मास्तर आले, पोट धरून थेट त्या खोलीत गेले. सिस्टर दारात उभ्या राहिल्या. मास्तरांनी एक डबा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवला.

“कुणी केलं हे?”

“मी. आणखी कोण करणार?”

मास्तर म्हणाले, “गेला.” बस, एवढंच. आणि जाऊन पडले.

तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी त्यांना सरळ खांद्याला धरून हलवलं. “कोण गेला? काय गेलं? बोला तरी!”

“पेंटर गेला.”

“पेंटरला जाऊन दोन वर्षं झाली.”

“आत्ता गेला,” मास्तर भिंतीला म्हणाले.

मग तुकड्यातुकड्यांनी कळलं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा तो पेंटर, शनिवारच्या मंडळातला चौथा, मास्तरांचा शाळेपासूनचा दोस्त. ते डबे त्याने मळवले होते. मुद्दाम. रंगीत खडू कुटून, पातळ रंगाचे हात देऊन, दोन केसांच्या ब्रशने. कारखान्यातून आलेला डबा खेळण्यासारखा दिसतो, तो खऱ्यासारखा दिसावा म्हणून. एकेका डब्याला महिना महिना. ती घाण नव्हती. पेंटरच्या हातचं तेवढंच काय ते शिल्लक होतं. आणि सिस्टरांनी ते कोमट पाण्याने, दोनदा स्वच्छ करून, मोरीत सोडलं होतं.

हे ऐकून सिस्टरांना वाईट वाटलं का? वाटलं. पण ते वाईट वाटणं अर्धा तास टिकलं, मग त्याच्या जागी राग येऊन बसला, आणि तो हलेना. एकतीस वर्षं! एकतीस वर्षांत या माणसाला एकदा म्हणता आलं नाही, अगं, ये, बघ, हा गंज खरा नाही, आपल्या पेंटरने काढलाय? दारात चहा ठेवणाऱ्या बाईला एवढं सांगितलं असतं तर काय रेल्वे बंद पडणार होती? आणि आता हा मनुष्य रुसून मरायला निघालाय, आणि मेला तर त्याचं खापर माझ्या डोक्यावर. वा रे वा.

शनिवारी चार वाजता नेहमीप्रमाणे बेल वाजली. पोस्टमन आणि गणिताच्या बाई. पोस्टमन आता निवृत्त होता, तरी बेल अजून पत्र आणल्यासारखी दोनदा वाजवायचा. मास्तरांनी फोनवर त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे, दोघे मयताला आल्यासारखे पाय न वाजवता आत आले आणि मागच्या खोलीत जाऊन उभे राहिले. पोस्टमनने टोपी काढली.

“अरेरे,” तो म्हणाला.

गणिताच्या बाईंनी चष्मा काढून पदराने काच पुसली. पुसण्याची ती वेळ नव्हती.

“पुसा, पुसा!” सिस्टर दारातून कडाडल्या. “तुम्ही पुसलेलं चालतं. मी पुसलं की खून!”

“सिस्टर, तसं नाही...”

“तसंच आहे. दर शनिवारी येता. तीन तास बसता. माझ्या हातचा चहा ढोसता. तुमच्यापैकी एकाला, एकाला सांगता आलं नाही की ही घाण ठरवून केलेली आहे म्हणून? मला काय स्वप्न पडणार होतं?”

“आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल,” पोस्टमन पुटपुटला.

“कुठून ठाऊक असेल? दाराच्या फटीतून?”

पोस्टमनने टोपी परत घातली, परत काढली. गणिताच्या बाई तशा व्यवहारी. रडारड त्यांना जमत नसे. समोर चुकलेलं गणित दिसलं की त्यांना ते सोडवावंसं वाटे. त्यांनी घसा खाकरला.

“झालं ते झालं. आपण असं धरून चालू, की सगळे डबे वर्कशॉपमधून रंगवून आलेत. खऱ्या रेल्वेत येतातच की.”

“सगळे? सेहेचाळीसच्या सेहेचाळीस?” पोस्टमनला शंका आली.

“सगळे.”

“एकाच आठवड्यात?”

“एकाच दिवशी म्हणा हवं तर. कागदावर लिहायचं, वर्कशॉपमधून आले, की झालं. गाडी सोडू या.”

“बाई, पण एका दिवशी...”

“कुठल्या रेल्वेत एका दिवशी सेहेचाळीस डबे रंगवतात?”

आवाज मागून आला. तिघांनी वळून पाहिलं. मास्तर झोपायच्या कपड्यांत, एक हात पोटावर, एक हात चौकटीवर, दाढी वाढलेली, डोळे लाल.

“मास्तर, मी नुसतं धरून चाला म्हटलं...”

“काहीही धरून चालायचं? आपलं वर्कशॉप दोन खणांचं आहे! आठवड्याला दोन डबे निघतील, फार तर तीन. आणि सगळे तिकडे पाठवले तर खाणीतला कोळसा काय पोस्टमनच्या पिशवीतून न्यायचा?”

“मग नवीन घेतले म्हणू,” पोस्टमनने वाट काढली.

“नवीन? खाण बंद पडायला आलीय आपली, आणि तिला नवीन डबे कोण देतंय? तुझा सासरा?”

सिस्टर मास्तरांच्या पायांकडे बघत होत्या. दोन्ही पाय जमिनीवर होते. चार दिवसांत पहिल्यांदा हा माणूस स्वतःहून उठून, कुणाचा हात न धरता, पंधरा पावलं चालून आला होता. गोड बोलून, रागावून, हात जोडून जे झालं नव्हतं ते बाईंच्या एका चुकीच्या वाक्याने झालं होतं. सिस्टरांना एक क्षण लागला. मग त्यांनी आगीत तेल ओतायचं ठरवलं.

“बाई म्हणतात ते बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “एवढं काय त्यात? इथून भरायचे, तिथे ओतायचे. डब्याला काय कळतंय?”

मास्तरांनी चौकट सोडली. “तुला काय माहीत आहे त्यातलं?”

“दिसतंय ना. ही खाण, ते बंदर.”

“ते बंदर नाही! ती खाण आहे. बंदर पलीकडे!”

“कुठे पलीकडे?”

“हे इथे!” आणि मास्तर फळीला धरून डोंगराच्या कडेकडेने पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले आणि बंदरावर बोट आपटलं.

“मग हा बोगदा कुठे जातो?”

“तो इकडे निघतो!” मास्तर परत आले.

“आणि मधलं ते स्टेशन?”

“स्टेशन कुठलं, ती चौकी आहे! स्टेशन त्या टोकाला!” मास्तर त्या टोकाला गेले. सिस्टर मनात फेऱ्या मोजत होत्या. पोस्टमन तोंड उघडून काहीतरी दुरुस्त करायला निघाला तेव्हा गणिताच्या बाईंनी त्याच्या पायावर पाय दिला. बाईंच्या लक्षात आलं होतं.

पाचव्या फेरीला मास्तर मालडेपोपाशी, डबे जिथे जोडायचे-सोडायचे तिथे, थांबले. धाप लागली होती. समोर रांगेने चकचकीत डबे उभे. त्यांनी एक उचलला आणि सिस्टरांच्या नाकासमोर धरला.

“हा तेवीस नंबर. याचं दार नीट बसत नाही, म्हणून यातून चुना सांडायचा. दारापासून चाकापर्यंत पांढरा ओघळ होता. कळतंय? ओघळ! इतका बारीक, की त्याने तो श्वास रोखून काढला होता. हा एकोणचाळीस. हा कायम खाणीच्या नळीखाली उभा राहायचा, म्हणून एकाच बाजूने काळा. सेहेचाळीस डब्यांना सेहेचाळीस आयुष्यं दिली होती त्याने. तू सगळ्यांवर पाणी फिरवलंस!”

सिस्टरांना तेवीस नंबर आठवला. त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला होता. त्यालाच स्पिरिट लागलं होतं. आता हा खोटा, औषधापुरता राग त्यांच्या हातात उरला नाही.

“मग सांगायचं होतंत!” त्या ओरडल्या. “एवढं जपायचं होतं तर सांगायचं होतंत! दोन वर्षांपूर्वी तो गेला, तुम्ही खांबासारखे उभे होतात. डोळ्यांतून टिपूस नाही. मी रात्रंदिवस तुमच्याकडे बघत होते, आज रडतील, उद्या रडतील. तुम्ही शनिवारी इथे येऊन दार लावून घ्यायचात. मला काय माहीत, तो या खोलीत ठेवलाय म्हणून!”

मास्तरांनी हातातला डबा जागेवर ठेवला.

“रोज एकदा हातात घ्यायचो,” ते म्हणाले. “एखादा. कुठलाही. त्याने जिथे धरला असेल तिथे धरायचो.”

“सांगितलं असतंत,” सिस्टर म्हणाल्या, “तर मी हातमोजे घातले असते.”

मास्तर रडले. मालडेपोवर दोन्ही हात टेकून, टाक्यांना सांभाळत, वाकून, दोन वर्षांचं एकदम रडले. कुणी त्यांना थोपवलं नाही. सिस्टरांनी तेवढ्यात मागून पोटाला आधार दिला, कारण रडताना टाक्यांवर ताण येतो.

थोड्या वेळाने पोस्टमन हळूच म्हणाला, “आपणच परत मळवू या का? जमेल तसे?”

“कुणी ब्रश लावायचा नाही,” मास्तर नाक पुसत म्हणाले. “ती विद्या त्याची होती. आपण केलं तर नुसती घाण दिसेल.”

“मग असेच नवेकोरे चालवायचे?”

“असेच. चालवले की मळतील. खरे मळतील. रुळांवरचं तेल उडेल, धूळ बसेल, आपली बोटं लागतील. सावकाश मळतील.”

“किती सावकाश?” गणिताच्या बाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच छताकडे बघून हिशेब मांडला. “दर शनिवारी तीन तास. रुळांवर जेवढी काजळी धरते ती मी महिन्याला पुसते, म्हणजे अंदाज आहे. चाकं दोन-तीन वर्षांत काळी होतील. पण डब्यांच्या अंगावर नीट दिसायला...” त्या जरा थांबल्या. “वीस वर्षं. कमी नाही.”

हा आकडा सगळ्यांनाच कळला होता.

“मी एक्काहत्तर वर्षांचा आहे,” मास्तर म्हणाले.

“ठाऊक आहे मला,” सिस्टर म्हणाल्या. “म्हणूनच सांगतेय. उद्यापासून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा फाटकापर्यंत चालायचं. जेवण पूर्ण. भिंतीकडे तोंड केलंत तर पलंग ओढून अंगणात नेईन.”

मास्तरांनी त्यांच्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. माफ केल्याचं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. सिस्टरांनीही चुकल्याचं काढलं नाही. दोघांच्याही मनात ते शब्द आले असतील, पण दोघांनाही दुसऱ्याने आधी म्हणायला हवं होतं.

“आणि मालडेपोवर कोण बसणार?” मास्तरांनी तिरसटपणे विचारलं. ती जागा पेंटरची होती. दोन वर्षं तिथलं काम मास्तर स्वतःच धावपळ करून उरकत होते, आणि आता टाके होते.

सिस्टरांनी उंच स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर बसल्या. कुणी बोलावलं नव्हतं. एकतीस वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं, आता वाट बघायची कशाला?

“तुला यातलं काही येत नाही,” मास्तर म्हणाले.

“मग शिकवा. वीस वर्षं आहेत.”

सव्वाचारची मालगाडी त्या दिवशी एक तास दहा मिनिटं उशिरा सुटली, आणि मास्तरांना त्याचाही राग आला.